वाळूवरचा जबाब

माझा थोरला भाऊ पंक्रास हा आमच्या कल्लुतुऱ्यातला सगळ्यात शहाणा माणूस, आणि सगळ्यात मोठा मूर्खही. हे मी त्याच्या तोंडावर सांगत आले आहे, तेव्हा त्याच्या माघारी सांगायला मला कसली भीती? मी जसिंता. चाळीस वर्षं डोक्यावर माशांची टोपली घेऊन तिरुवनंतपुरमच्या गल्ल्या पालथ्या घातल्या. माझी जीभ कशी आहे ते तिथल्या अर्ध्या बायकांना ठाऊक आहे.

पंक्रास आठ वर्षांचा असताना शाळेत मास्तरांनी फळ्यावर केरळचा नकाशा काढला. डाव्या अंगाला एक रेघ ओढली आणि म्हणाले, हा समुद्रकिनारा. हा उठून उभा राहिला. "सर, ही रेघ कुठल्या महिन्यातली?" मास्तरांना वाटलं, पोरगं थट्टा करतंय. त्यांनी त्याला दिवसभर बाकावर उभं केलं. दुसऱ्या दिवसापासून हा शाळेत गेला नाही, आणि आमच्या अप्पनने, म्हणजे वडिलांनी, त्याला रागेही भरलं नाही. प्रश्न बरोबरच होता म्हणाले.

अप्पन गावच्या रापणीचे म्होरके होते. बत्तीस माणसं दोन्हीकडून दोर धरून जाळं ओढत, आणि अप्पन मध्ये वाळूवर उभे राहून हाताने खुणा करत. त्यांच्यानंतर ते काम पंक्रासकडे आलं. तो तळपायाने वाळू ओळखतो. चार पावलं चालला की सांगतो, उद्या इथे खड्डा पडणार, जाळं त्या माडाच्या रेषेत टाका. कधी चुकला नाही. म्हणजे वाळूच्या बाबतीत.

आमच्या गावाच्या दक्षिणेला आनक्कल्ल आहे, हत्ती बसल्यासारखा काळा खडक. उत्तरेला जांभ्याचा लाल कडा. मध्ये पुळण, म्हणजे वाळूचा पट्टा. पंक्रासला विचारलंत तर तो तुम्हाला हे सगळं असं सांगेल की जणू घरातल्या माणसांची भांडणं सांगतोय. काळा खडक लाटेला बधत नाही, लाटच त्याला वळसा घालून, दमून आत येते, म्हणून तर आमच्याकडे वाळू बसते. लाल कडा मऊ स्वभावाचा. लाट त्याचा पाय खाते, मग एखाद्या पावसात त्याचं डोकं खाली येतं, आणि त्याचीही शेवटी वाळूच होते. मोठ्या पावसात लाटा पुळण ओरबाडून आत नेतात आणि थोड्या अंतरावर पाण्याखाली तिचा बांध घालून ठेवतात. पाऊस सरला, ओणम आला, की लहान लाटा तीच वाळू मूठमूठ परत आणून टाकतात. आणि हे चालू असतानाच ती सगळी वाळू दक्षिणेकडून उत्तरेकडे चालत असते. आमच्याकडची पुढच्या गावाला जाते, मागच्या गावची आमच्याकडे येते.

एकदा देवळामागे, म्हणजे आमच्या चर्चच्या मागे, विहीर खणताना दोन पुरुष खोलीवर शिंपले लागले. सगळ्यांना नवल. पंक्रास म्हणाला, "नवल कसलं? ती पूर्वी इथे राहून गेलीय. परत आली तर तिला बाहेरची म्हणू नका."

ती म्हणजे कडलम्मा, आमची समुद्रआई. आमच्या गावात एक रीत आहे. वाळूवर उभं राहून तिच्याबद्दल वावगं बोलायचं नाही. तिनं काय नेलं, कुणाला नेलं, हे तिच्या अंगावर उभं राहून तिला ऐकवायचं नाही. ज्याला बोलायचं असेल त्याने पुळण ओलांडून वर यावं, चर्चच्या कुंपणापाशी उभं राहावं आणि मग हव्या तेवढ्या शिव्या घालाव्यात. माझ्या नवऱ्याची होडी परत आली नाही त्या दिवशी मी ओठ दाबून अख्खी पुळण चालले. एकशे चाळीस पावलं होती तेव्हा. कुंपणाशी पोचले आणि असं तोंड सोडलं की अच्चनने, आमच्या पाद्रीबाबांनी, खिडकी लावून घेतली. त्या दिवशी ही रीत मला कळली. इतकं चालून गेल्यावर माणसाला बोलता तरी येतं, नाहीतर तिथेच फुटून जाईल.

तर ह्या रीतीनेच आमचा घात केला.

अकरा वर्षांपूर्वी आमच्या दक्षिणेला पाच मैलांवर नवं बंदर झालं. होड्यांना आडोसा म्हणून समुद्रात लांबच्या लांब दगडी बांध घातला. पहिली दोन वर्षं काही नाही. तिसऱ्या वर्षी ओणम आला, पण वाळू पुरती आली नाही. चौथ्या वर्षी त्याहून कमी. पंक्रास एका सकाळी उठला आणि किनाऱ्याकिनाऱ्याने चालत बंदरापर्यंत गेला. संध्याकाळी परत आला तो माझ्या पायरीवर बसून राहिला.

"आपली वाळू तिथे बसलीय," तो म्हणाला.

"बसलीय म्हणजे? बसची वाट बघतेय का?"

"चेष्टा नको, जसिंते. बांधाच्या पलीकडे एवढी पुळण झालीय की पोरं फुटबॉल खेळतायत. चहाची टपरी आहे, बदामाची झाडं लावलीयत. आपली वाळू चालत येत होती, वाटेत भिंत आडवी आली. भिंतीच्या त्या बाजूला ढीग, ह्या बाजूला खड्डा."

त्याचं मागणं अगदी साधं होतं. ज्यांनी वाळू अडवली त्यांनी दरवर्षी यंत्राने ती उचलावी आणि बांधाच्या ह्या बाजूला टाकावी. पुढचं चालणं ती आपलं आपण करेल. हे कुठल्याही शेंबड्या पोराला कळलं असतं. पण शेंबड्या पोरांना कुणी इंजिनियर करत नाही.

तीन वर्षं अर्ज केले तेव्हा कुठे पाहणीला साहेब आला. विनयचंद्रन नाव, वयाने लहान, बोलायला गोड. बूट हातात घेऊन वाळूवर उतरला म्हणून बायकांना लगेच आवडला. नेमका पाऊस संपल्यावर आला, म्हणजे जी काही वाळू परत यायची ती आलेली, पुळण वर्षातली सगळ्यात चांगली दिसत होती. भोवती सगळं गाव. त्याने फॉर्म काढला आणि विचारलं, "समुद्राने किती जमीन नेली?"

सगळ्यांनी पंक्रासकडे बघितलं. रापणीचा म्होरक्या तो, आधी बोलायचं त्यानेच.

पंक्रास म्हणाला, "कडलम्मा काही नेत नाही, सर. ठेवायला घेते, परत देते."

साहेबाने लिहून घेतलं आणि खाली त्याची सही घेतली. "सगळ्यांचं हेच म्हणणं?"

बत्तीसच्या बत्तीस जणांनी मान हलवली. टोपली घेऊन मी बाजूला उभी होते. मीसुद्धा मान हलवली. आजही आठवलं की स्वतःच्या कानाखाली एक द्यावीशी वाटते.

आता आमच्यातल्या कुणालाही कळलं असतं की हे नुसतं तोंडदेखलं झालं, खरं बोलणं वर कुंपणाशी होणार. पंक्रासने तिथे चार खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या. शेंगदाण्याची बशी, काळा चहा उकळून तयार. बंदराचं सगळं तो तिथे सांगणार होता, आठ दिवस घोकत होता. साहेबाने वाळूवरच शहाळं प्यायलं, बूट घातले, सगळ्यांना हात केला आणि जीपमध्ये बसून गेला. पंक्रास मागून धावला तोवर जीपने वळण घेतलं होतं.

"अरे, चहा न घेता गेला?" एवढंच तो म्हणत राहिला. मी कपाळाला हात लावला.

पुढच्या पावसात माडांची पुढची रांग गेली, मग मागची. सतरा घरं गेली, त्यात पंक्रासचंही. त्याने काही वाळूवर घर बांधलं नव्हतं. आज्याच्या काळापासून भरतीच्या पाण्याची जी मर्यादा होती तिच्याही वीस पावलं मागे बांधलं होतं. दाराची चौकट खांद्यावर घेऊन तो माझ्याकडे राहायला आला. आणि घराचं त्याला तेवढं वाटलं नाही, त्याला भीती होती रापणीची. पुळण इतकी अरुंद झाली होती की दोर ओढताना माणसं मागे सरकत रस्त्यावर येत. अजून एक-दोन पाऊस असेच गेले की रापण संपली. बत्तीस घरांची चूल त्या एका जाळ्यावर, आणि पंक्रासचा तर जीवच.

कचेरीत गेलो. मीही गेले, कारण हा एकटा गेला की नमस्कार करून परत येतो. विनयचंद्रनने फाईल उघडली. पंक्रासला तो चेट्टा, म्हणजे दादा, म्हणायचा आणि मला चेची, म्हणजे ताई.

"चेट्टा, तुमच्या गावचा अहवाल आहे माझ्याकडे. जमिनीची धूप नाही. स्थानिकांचं म्हणणं, समुद्र काही नेत नाही. खाली तुमची सही."

"सर, ते वाळूवर बोललो होतो."

"मग?"

मग काय? त्या एका 'मग'चं उत्तर द्यायला पंक्रासला पाव तास लागला, आणि साहेबाने नम्रपणे ऐकून घेतलं, जसं म्हाताऱ्याचं दुखणं ऐकतात. शेवटी म्हणाला, "साऱ्या जगातच समुद्राची पातळी वाढतेय, चेट्टा. बर्फ वितळतोय. त्याला मी काय करणार?"

इथे मात्र माझा भाऊ तडकला. "वाढत असेल. मी नाही म्हणत नाही. पण जगाचा समुद्र वर चढतोय तर बंदराच्या पलीकडे किनारा दोनशे पावलं पुढे कसा गेला? तिकडचा समुद्र काय दुसऱ्या जगातला आहे?"

साहेब हसला. खरंच हसला, आणि मला वाटतं त्याला पटलंही. "बरोबर आहे तुमचं. पण फॉर्ममध्ये 'बंदरामुळे' असा रकाना नाही."

"मग काढा ना."

"ते माझ्या हातात नाही."

"पेन तर तुमच्याच हातात आहे," मी म्हटलं.

"चेची, तुम्ही जरा थांबा," साहेब म्हणाला. मी चाळीस वर्षं थांबतेच आहे. पण त्याने एक सोय काढून दिली. फेरपाहणी करता येईल. फक्त जबाब जागेवर द्यायचा, चित्रण होणार, तेव्हा किनाऱ्यावर उभं राहूनच बोलायचं.

"किनाऱ्यावर म्हणजे वाळूवर?" पंक्रासने विचारलं.

"वाळूवर."

आठवडाभर पंक्रास घरात नुसत्या येरझारा घालत राहिला. शेवटी अच्चनकडे गेला. अच्चन म्हणाले, "पंक्रास, ही अंधश्रद्धा आहे. समुद्राला कान नसतात."

"अच्चन, मग वादळात येशूने तिला 'गप्प बस' म्हटलं, ते तिने कशाने ऐकलं?"

अच्चनने त्याला चहा पाजून परत पाठवलं.

त्या दुपारी मी कप्पा, म्हणजे साबुदाण्याचा कंद, उकडत होते. हा आला आणि म्हणाला, "मी नाही बोलू शकत ग. दुसरं कुणी बोलू दे."

"दुसऱ्या कुणाचं साहेब ऐकणार? आधीची सही तुझी आहे."

"पण तिच्यासमोर..."

माझा तोल सुटला. उलथनं हातात तसंच होतं. "तिचं मन दुखेल म्हणून तू सतरा घरं घालवलीस. आता रापणही घालव. बत्तीस घरांतली पोरं उपाशी मेली की त्यांना सांग, काकाला बोलायची लाज वाटली!"

मी बोलले ते असं. एकही शब्द कमी करून सांगत नाही. तो खाली बसला आणि म्हणाला, "ठीक आहे. बोलतो."

पाऊस यायला दोन महिने होते तेव्हा साहेब आला. ह्या वेळी बरोबर फोन धरून चित्रण करणारा एक जण. पंक्रासने धुतलेलं मुंडू नेसलं होतं, डोक्याचा पंचा काढून हातात घेतला. भरती चढत होती. तो पाण्याच्या कडेशी जाऊन उभा राहिला आणि सुरुवात केली, "बंदराच्या बांधाने आमची वाळू..."

"थांबा, थांबा," साहेब म्हणाला. "बंदर हा वेगळा विभाग. ते इथे आलं तर फाईल तिकडे जाईल आणि तिकडेच राहील. प्रश्नापुरतं बोला, चेट्टा, तुमच्या भल्यासाठी सांगतोय. समुद्राने काय काय नेलं?"

पंक्रासने माझ्याकडे बघितलं. मी हाताने खूण केली, बोल, बोल.

"माझं घर नेलं," तो पुटपुटला.

"मोठ्याने. चित्रण चालू आहे."

"माझं घर नेलं. सतरा घरं नेली. माडांच्या दोन रांगा नेल्या. आमची पुळण नेली." पाणी त्याच्या घोट्यापर्यंत आलं होतं, पण तो जागचा हलला नाही. "कडलम्माने नेली," तो म्हणाला, कारण साहेबाने विचारलं, कुणी? भोवतीच्या बायकांनी छातीवर क्रुसाची खूण केली. पंक्रासने सही केली आणि त्या दिवशी रापण न टाकता घरी येऊन झोपला. मला मात्र आनंद झाला होता. म्हटलं, सुटलो एकदाचे.

सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात, पण हे काम पाच आठवड्यांत मंजूर झालं. सकाळी सकाळी रस्त्यावर ट्रकांची रांग. वाळू आली म्हणून पोरं ओरडत सुटली. मीही धावले. पहिल्या ट्रकने मागचा फाळका उघडला आणि गडगडत खाली आले ते काळे पत्थर, एकेक म्हशीएवढा.

पंक्रास ट्रकच्या पुढे जाऊन उभा राहिला. "हे काय? आम्ही वाळू मागितली होती!"

विनयचंद्रन हसत पुढे आला. "चेट्टा, समुद्र नेतो म्हणालात ना तुम्ही? मग समुद्राला अडवायची भिंत. गावाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत."

"अहो, लाट दगडावर आपटली की खाली घुसते. उरलेली वाळू मुळापासून उपसून नेईल. आणि दगडांवरून जाळं कसं ओढायचं? चिंध्या होतील!"

"असं कसं म्हणता? तुमच्या जबाबावरच तर मंजुरी मिळाली. नाहीतर तुमच्या गावचं नाव यादीतही नव्हतं."

साहेबाचा चेहरा मी नीट बघितला. तो टोमणा मारत नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की त्याने आमचं भलं केलं. ह्याच गोष्टीचा मला सगळ्यात जास्त संताप येतो. हरामखोर असता तर मी त्याच्या डोक्यावर टोपली ओतली असती.

भिंत झाली. उद्घाटनाला मांडव घातला. ज्यांची घरं शिल्लक होती ते टाळ्या वाजवत होते, त्यांना मी दोष देत नाही. दारासमोर दगड दिसला की माणसाला झोप लागते. भाषणात साहेबाने सांगितलं की ह्या भिंतीचं श्रेय एका धाडसी मच्छीमाराला आहे, ज्याने जुनी भीती सोडून समुद्राविरुद्ध जबाब दिला. आणि पंक्रासला पुढे बोलावून त्याच्या खांद्यावर जरीकाठाची शाल घातली. टाळ्या. त्याने दोन्ही हात जोडले. भिंतीपलीकडे पाणी दगडांना धडका देत होतं, आणि त्यांच्याखाली पुळण म्हणून उरलेला हातभर पट्टा ओला होऊन परत दिसेनासा होत होता. रापणीचं जाळं त्याच आठवड्यात गुंडाळून चर्चच्या माळ्यावर टाकलं.

दुपारी घरी आल्यावर मी कप्पा आणि तारल्यांचं कालवण वाढलं. तो ताटासमोर बसला, पण खाल्लं नाही. शाल अजून खांद्यावरच होती, काढायचं त्याच्या ध्यानातही नव्हतं.

"जसिंते," तो म्हणाला, "बंदराचं नाव घ्यायला आपल्याकडे कुणाला कधीच मनाई नव्हती. वाळूवर नाही, कुठेच नाही. मनाई फक्त तिचं नाव घ्यायला होती. आणि मी बरोबर तिचंच घेतलं."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे संन्यासी म्हणजे आमची आईच, आणि दोर ओढायला त्यांनी माझ्या भावाला उभं केलं, कारण दोर ओढणं त्याला येतं. मी त्याच्या खांद्यावरची शाल काढली, घडी केली, कुठे ठेवावी ते कळेना म्हणून तशीच हातात धरून बसले. वाळूवर त्याला बोलायला लावलं ते मी. पण "तू म्हणालीस म्हणून" असं तो त्या दिवशी म्हणाला नाही, आणि त्यानंतरही कधी म्हणाला नाही. एकदा म्हणाला असता तर मला बरं वाटलं असतं.